‘लिहिणे’ हाताशी धरून भाषा शिकताना

नव्या भाषेचं व्याकरण हातात आलं की मी आधी ‘लिहिणे’ हे क्रियापद शोधते. ‘असणे’ आणि ‘जाणे’ मुद्दाम बाजूला ठेवते, कारण ही दोघं बऱ्याच भाषांत नियम सोडून चालतात. मराठीत ‘जाणे’चा भूतकाळ ‘गेला’, इंग्रजीत ‘गो’चा ‘वेन्ट’, स्पॅनिशमध्ये ‘इर’चा ‘फुई’. ‘लिहिणे’ त्या मानानं सरळ. त्याला कर्ता लागतो, कर्म लागतं, ते अर्धवट राहू शकतं किंवा पुरं होऊ शकतं, दुसऱ्यासाठी करता येतं, दुसऱ्याकडून करवून घेता येतं. भाषा क्रियापदाकडून जी जी कामं करून घेते, ती बहुतेक सगळी या एका धातूवर तपासता येतात.

माझी वाक्यं ठरलेली आहेत. मी पत्र लिहिते. तू पत्र लिहिलंस. तिनं दोन पत्रं लिहिली. ते पत्र लिहीत नाहीत. त्यानं पत्र लिहिलं म्हणे. मला पत्र लिहायचंय. मला पत्र लिहून दे. प्रत्येक भाषेसाठी वहीत कोरी पानं सोडायची, व्याकरण वाचून ही वाक्यं आपली आपण बांधायची, मग ती भाषा बोलणाऱ्या कुणाला तरी दाखवायची. ‘चूक आहे’ यापेक्षा ‘बरोबर आहे, पण असं कुणी म्हणत नाही’ हा शेरा मला जास्त मोलाचा वाटतो, म्हणून तो त्या माणसाच्या शब्दांत तसाच उतरवून घेते.

पहिली अडचण शब्दकोशातच येते. मराठी कोशात ‘लिहिणे’ असं णे-कारान्त रूप असतं, संस्कृतमध्ये ‘लिख्’ हा नुसता धातू. लॅटिन कोशात ‘स्क्रिबो’ सापडतं, म्हणजे चक्क ‘मी लिहितो’. अरबीत ‘कतब’, म्हणजे ‘त्यानं लिहिलं’. क्रियापदाचं मूळ रूप कोणतं मानायचं यावर भाषांचं एकमत नाही, आणि हे आधी कळलं नाही तर कोश उघडूनही शब्द हाती लागत नाही. अरबीत तर ‘मकतब’ हा शब्द म-खाली नाही, क-त-ब या तीन व्यंजनांखाली शोधावा लागतो. किताब, कातिब, मक्तूब, मकतब हे सगळे त्याच घरातले. व्यंजनं जागच्या जागी राहतात, आतले स्वर बदलतात, पुढेमागे काही जोडलं जातं आणि पुस्तक, लिहिणारा, लिहिलेलं, लिहिण्याची जागा असे अर्थ तयार होतात. मराठीत आपण धातूच्या शेपटीला प्रत्यय लावतो, अरबी भाषा धातूच्या पोटात शिरते. हे एकदा पटलं की अरबी रूपावलीची भीती बरीच कमी होते.

पण परक्या भाषांकडे वळण्याआधी मी मराठी प्रयोग पुन्हा नीट वाचले. शाळेत कर्तरी, कर्मणी, भावे हे गुणांपुरते पाठ होतात आणि परीक्षेनंतर विसरले जातात. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ सालचं, मोरो केशव दामल्यांचं १९११चं. या माणसांनी प्रयोगांवर किती बारकाईनं विचार केला होता, ते दुसऱ्या भाषा शिकायला लागल्यावर माझ्या लक्षात आलं.

‘तू पत्र लिहिलंस’ हे वाक्य जवळून बघा. पत्राऐवजी चिठ्ठी असेल तर ‘लिहिलीस’, निबंध असेल तर ‘लिहिलास’, चिठ्ठ्या असतील तर ‘लिहिल्यास’. मधला भाग कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतो आणि शेवटचा ‘स’ कर्ता ‘तू’ असल्याचं सांगतो. एकाच रूपात कर्म आणि कर्ता दोघंही हजर. आपले व्याकरणकार याला कर्तृ-कर्मसंकर प्रयोग म्हणतात. बास्क भाषेशी गाठ पडली तेव्हा माझ्या मदतीला हाच प्रयोग आला. बास्कमध्ये ‘तू पत्र लिहिलंस’ला ‘सुक गुतुना इदात्सी दुसु’ म्हणतात आणि पत्रं अनेक असली की ‘सुक गुतुनाक इदात्सी दितुसु’. ‘दुसु’चं ‘दितुसु’ झालं ते कर्म अनेकवचनी झालं म्हणून, शेवटचा ‘सु’ मात्र कर्त्याचा. इंग्रजीतून लिहिलेली पुस्तकं हे समजावायला पानंच्या पानं खर्च करतात, कारण त्यांच्या वाचकाच्या भाषेत तसं काही नसतं. मराठी माणसाला ‘लिहिल्यास’ एवढं दाखवलं तरी पुरे. फरक इतकाच की मराठीत हे भूतकाळापुरतं आहे आणि बास्कमध्ये वर्तमानकाळातही चालतं.

म्हणूनच माझं ठाम मत झालं आहे की मराठी माणसानं तिसरी भाषा इंग्रजी व्याकरणाच्या चौकटीतून शिकू नये. पुस्तक इंग्रजीत असलं तरी ताळा मराठीशी करावा. आपल्याकडे क्रियापदाचे इतके खेळ आधीच चालू आहेत की नव्या भाषेतलं निम्मं ओळखीचं निघतं.

रशियनचा अनुभव याचा पुरावा आहे. तिथे वर्तमानकाळात लिंगभेद नाही, ‘तो लिहितो’ आणि ‘ती लिहिते’ दोन्हींना ‘पीशेत’. भूतकाळात मात्र तो ‘पिसाल’, ती ‘पिसाला’. भूतकाळालाच लिंग का, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. उत्तर शाळेतल्या संस्कृतात होतं. ‘सः गच्छति, सा गच्छति’ यांत फरक नाही, पण ‘सः गतः, सा गता’ यांत आहे, कारण ‘गत’ हे कृदन्त, म्हणजे मुळात विशेषण, आणि विशेषणाला लिंग असतं. रशियन भूतकाळही जुन्या कृदन्तातून आला. मराठी भूतकाळही तसाच आला, म्हणून ‘आला, आली, आलं’ हे ‘चांगला, चांगली, चांगलं’सारखं चालतं. आपण तर त्याच्याही पुढे गेलो. ‘लिहितो, लिहिते’ हा वर्तमानकाळही कृदन्तावरून घडला, त्यामुळे तिथेही लिंग. राहिला भविष्यकाळ. ‘तो लिहील, ती लिहील’ यांत लिंग नाही, कारण ती रूपं जुन्या तिङन्त, म्हणजे थेट पुरुष-वचनाचे प्रत्यय लागणाऱ्या, क्रियापदावर उभी आहेत. ‘रामेण पत्रं लिखितम्’ आणि ‘रामानं पत्र लिहिलं’ ही वाक्यं शेजारी ठेवली की कर्मणी प्रयोगातला तो ‘ने’ आणि कर्माप्रमाणे बदलणारं क्रियापद कुठून आलं, तेही दिसतं. हे जुळलं त्या संध्याकाळी मी आधी भरलेली रशियनची सगळी पानं पुन्हा काढून वाचली.

रशियनमध्ये याहून कष्टाचं काम म्हणजे जोड्या. ‘पिसाल’ म्हणजे लिहिण्यात गुंतला होता, ‘नापिसाल’ म्हणजे लिहून पुरं केलं. जवळजवळ प्रत्येक क्रियापद असं जोडीनं पाठ करावं लागतं. यावर युक्ती नाही, पाठांतरच.

नकारात फिनिश भाषा मला फार जवळची वाटली. तिथे ‘नाही’ हेच क्रियापद आहे आणि ते पुरुषाप्रमाणे चालतं. मी ‘एन’, तू ‘एत’, तो ‘एइ’, ते ‘एइवात’. ‘किर्योइता’, म्हणजे लिहिण्याचं रूप, सगळ्यांसोबत तेच राहतं. मराठीत ‘तू लिहीत नाहीस, ते लिहीत नाहीत’ म्हणताना आपण हेच करतो, ‘लिहीत’ जागचं हलत नाही. आज्ञा करताना फिनिश भाषा नकाराचं वेगळं रूप घेते, ‘अ‍ॅला किर्योइता’. आपणही ‘नाही’ सोडून ‘लिहू नकोस’कडे जातो. पुढे मात्र वाटा फुटतात. आपला नकार काळही पोटात घेतो आणि ‘नव्हता, नव्हती’ होतो. फिनिशमध्ये काळ दाखवायची जबाबदारी मुख्य क्रियापदावर येते, नकाराचं रूप बदलत नाही.

तुर्कीत माझी ‘म्हणे’ची परीक्षा झाली. ‘याझ्दी’ म्हणजे त्यानं लिहिलं, आणि बोलणारा ते ठामपणे सांगतोय. ‘याझ्मिश’ म्हणजे लिहिलं, पण मला ते दुसऱ्याकडून कळलं किंवा खुणांवरून लक्षात आलं. मी आधी ‘मिश’ बरोबर ‘म्हणे’ असं समीकरण लिहून ठेवलं होतं. शिकवणाऱ्या बाईंनी दुसरं उदाहरण दिलं: टेबलावर लिहिलेलं पत्र दिसतंय, कुणी काही सांगितलेलं नाही, तरीही ‘याझ्मिश’च. मराठीत इथे ‘म्हणे’ चालणार नाही, ‘लिहिलेलं दिसतंय’ म्हणावं लागेल. आपण दोन वेगळ्या रचना वापरतो ते काम तुर्की एका प्रत्ययात करते. शिवाय आपल्याकडे ‘म्हणे’ घातलं काय, गाळलं काय, वाक्य व्याकरणात बसतं. तुर्कीत भूतकाळ बोलायचा तर बहुतेक वेळा दोहोंपैकी एक निवडावंच लागतं. मला हे फार आवडतं. वाक्य उच्चारतानाच माहिती कुठून आली याचा हिशेब द्यायची सवय जिभेला लागते.

चिनी पानं लवकर भरली, कारण तिथे क्रियापद पुरुष, वचन, लिंग, काळ कशानंही बदलत नाही. पण ‘ल’ आणि ‘कुओ’ हे छोटे शब्द कुठे येतात ते सरावानंच कळतं. पहिला शब्द काम झाल्याचं सांगतो, दुसरा ते आयुष्यात कधीतरी केल्याचा अनुभव सांगतो. रूपावली नाही म्हणजे व्याकरण नाही, असं म्हणणाऱ्यांनी या दोन शब्दांवर महिनाभर बसावं.

सगळ्यात जास्त वेळ मी जपानीत रमले. क्रियापद शेवटी, विभक्तीसारखे शब्द नामानंतर, इतपत तर मराठीसारखं असणार हे ठाऊक होतं. जोसेफ ग्रीनबर्ग या भाषाशास्त्रज्ञानं १९६३ साली ३० भाषांची तुलना करून हेच मांडलं होतं की ज्या भाषांत क्रियापद शेवटी येतं, त्यांत अशी अव्ययं बहुतांशी नामानंतर लागतात. खरा आनंद पुढे होता. जपानी ‘काइते’ म्हणजे आपलं ‘लिहून’. त्याला दुसरं क्रियापद जोडतात. ‘मिरु’ म्हणजे बघणे, म्हणून ‘काइते मिरु’ म्हणजे लिहून बघणे. ‘ओकु’ म्हणजे ठेवणे, म्हणून ‘काइते ओकु’ म्हणजे लिहून ठेवणे. ‘मोराऊ’ म्हणजे मिळणे, घेणे, आणि ‘काइते मोराऊ’ म्हणजे कुणाकडून तरी लिहून घेणे. ‘काइते कुदासाई’ तर आपलं ‘लिहून द्या’च. दोन भाषांचं घराणं वेगळं, तरीही दोघींनी बघणे, ठेवणे, घेणे, देणे ही रोजची क्रियापदं याच कामांना लावली. ही संयुक्त क्रियापदं मी पुस्तकातलं स्पष्टीकरण न वाचता वापरू लागले आणि ती बहुतेक बरोबर निघाली.

अडलं ते ‘देणे’पाशी. जपानीत देण्याला दिशा असते. मी किंवा माझ्या बाजूचा कुणी दुसऱ्याला लिहून देतो तेव्हा ‘काइते आगेरु’, दुसरा मला लिहून देतो तेव्हा ‘काइते कुरेरु’. मराठीत ‘दे’ एकच. क्रियापद कर्त्याच्या पुरुषाप्रमाणे बदलत नाही, पण कोण कुणासाठी झिजलं ते मात्र नोंदवतं, आणि ते इतकं स्पष्ट की ‘मी’, ‘तू’ हे शब्द गाळले तरी चालतात. यासाठी मी वेगळा सराव केला. दिवसभरात कुणी माझं काम केलं, मी कुणाचं केलं, ते रात्री जपानीत लिहायचं, कर्ता न लिहिता. वाचणाऱ्याला कर्ता कळला तर वाक्य जमलं. हा सराव मी कुणालाही सुचवेन, तक्त्यांपेक्षा तो कितीतरी उपयोगी आहे.

सध्या जॉर्जियन चालू आहे. ‘माणूस पत्र लिहितो’ला ‘कात्सि त्सेरिल्स त्सेर्स’, इथे कर्ता साधा. ‘माणसानं पत्र लिहिलं’ला ‘कात्समा त्सेरिली दात्सेरा’, इथे कर्त्याला ‘मा’ लागला, आपला ‘ने’ लागतो तसा. तिसरं वाक्य ‘कात्स्स त्सेरिली दाउत्सेरिया’, आणि त्यात कर्ता आपल्या ‘माणसाला’सारख्या विभक्तीत उभा आहे. ‘मला लिहायचंय’ म्हणणाऱ्याला तेही परकं वाटत नाही. प्रश्न अर्थाचा आहे. ‘दाउत्सेरिया’ कधी तुर्की ‘मिश’सारखं ‘लिहिलेलं दिसतंय’ असं सांगतं, तर कधी नुसतं ‘लिहिलंय’. कोणत्या वाक्यात कोणता अर्थ पुढे येतो, ते एकेक वाक्य जॉर्जियन बोलणाऱ्यांना दाखवून तपासून घेतेय, आणि या भाषेची पानं अजून अर्धीच भरली आहेत.