जीपीए ३.५, तरीही पेल ग्रँट बंद : माझा अनुभव

न्यू जर्सीत ग्रीन कार्ड हातात आलं आणि मुलं शाळेत रुळली की आपल्यातल्या बऱ्याच जणी काऊंटी कॉलेजात, म्हणजे इथल्या स्थानिक सरकारी कॉलेजात, नाव घालतात. मीही घातलं. कोल्हापुरात एसवाय बी.कॉम.ला असताना लग्न झालं आणि पदवी राहिली ती राहिलीच. इथे मात्र ते पथ्यावर पडलं, कारण पेल ग्रँट, म्हणजे केंद्र सरकारची परत न करावी लागणारी शिक्षणाची मदत, पहिली बॅचलर पदवी होईपर्यंतच मिळते. भारतातून पदवी घेऊन आलेल्यांना ती मिळत नाही. (एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, होते तोवर तर फेडरल मदतीचं नावच नको.) फाफ्सा, म्हणजे या मदतीचा सरकारी अर्ज, भरला, पेल मंजूर झाली, अकाउंटिंगच्या दोन वर्षांच्या असोसिएट डिग्रीला प्रवेश घेतला.

पहिल्या सेमिस्टरला चार विषय, १२ क्रेडिट. दोन ए, दोन बी. दुसऱ्या सेमिस्टरला फेब्रुवारी संपता संपता दादाचा फोन आला : आई न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलंय, ऑपरेशन करावं लागेल. दादा पुण्यात, वहिनीचे दिवस भरत आलेले. मी तिकीट काढलं.

निघण्याआधी कॉलेजातल्या ॲडव्हायझरला भेटून आले. ती म्हणाली, चारही विषय विथड्रॉ कर, नावापुढे ‘डब्ल्यू’ लागेल, जीपीएला, म्हणजे ग्रेडच्या सरासरीला, धक्का लागणार नाही. ते खरंच होतं, जीपीए ३.५ चा ३.५ च राहिला. पण त्याच इमारतीत खालच्या मजल्यावरच्या फायनान्शियल एड ऑफिसचा हिशोब वेगळा असतो, हे काही ती बोलली नाही.

पहिला दणका बिलाचा. सेमिस्टरचे ६० टक्के दिवस भरण्याआधी सगळे विषय सोडले, तर फेडरल मदत जितके दिवस वर्गात होता तितक्याच प्रमाणात ‘कमावली’ असं धरतात. मी पंधरापैकी पाच आठवडे भरले होते, म्हणजे एक तृतीयांश. बाकीचे पैसे कॉलेजनं सरकारला परत केले आणि तेवढी फी माझ्या नावावर चढवली. हजार डॉलरच्या वरचा आकडा होता. तो भरेपर्यंत खात्यावर होल्ड, पुढच्या सेमिस्टरचं रजिस्ट्रेशन बंद. हप्ते बांधून मिळतात, मात्र ते आपण विचारलं तरच.

दुसरा दणका मे महिन्यात. पोर्टलवर एड ‘सस्पेंडेड’. कारण : सॅप, म्हणजे सॅटिस्फॅक्टरी ॲकॅडेमिक प्रोग्रेस, मदत चालू राहायला अभ्यासात दाखवावी लागणारी प्रगती.

सॅपच्या चाळण्या तीन. जीपीएची चाळण सगळ्यांना ठाऊक असते, बहुतेक ठिकाणी २.० लागतो. दुसरी ‘पेस’ची : जितके क्रेडिट घेतले त्यातले किती पास झालात. आमच्या कॉलेजात ६७ टक्के हवेत. इथे डब्ल्यू घेतलेल्यात धरतात, पास झालेल्यात धरत नाहीत. माझे घेतलेले २४, पास १२. पन्नास टक्के. तिसरी चाळण मुदतीची : डिग्रीला लागतात त्याच्या दीडपटीपर्यंतच क्रेडिट मदतीवर घेता येतात. माझी डिग्री ६० क्रेडिटची, म्हणून मर्यादा ९०.

काही कॉलेजं दर सेमिस्टरला सॅप तपासतात, ती पहिल्या वेळी नुसती ‘वॉर्निंग’ देऊन एक सेमिस्टर मदत चालू ठेवू शकतात. आमचं कॉलेज वर्षातून एकदाच तपासतं, त्यामुळे वॉर्निंग नाही, थेट बंद. आपलं कॉलेज कोणत्या प्रकारातलं, ते त्यांच्या वेबसाइटवर लिहिलेलं असतं.

मग अपील. त्यांना दोनच गोष्टी हव्या असतात : काय घडलं, आणि आता काय बदललंय म्हणून ते पुन्हा घडणार नाही. आजारपण, अपघात, नातेवाइकाचा मृत्यू अशी कारणं चालतात, पण प्रत्येकाला कागद लागतो. माझा पहिला मसुदा आपल्या शाळेतल्या विनंतीअर्जासारखा झाला होता, ‘तरी कृपया सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ छाप. फायनान्शियल एडमधल्या बाईंनी तो वाचून शांतपणे विचारलं, “आता आईला कोण बघतं?” नेमकं तेच पत्रात नव्हतं! दादानं आईला पुण्याला नेलंय, दिवसभराला ब्यूरोची बाई ठेवलीय, आई आता वॉकर घेऊन चालते, असं तीन ओळींत लिहिलं. बाकीचं अर्धं पत्र काढून टाकलं.

कागदांत एक गंमत झाली. हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, त्यामुळे भाषांतराची कटकट नव्हती. पण त्यावर आईचं नाव आणि माझं लग्नानंतरचं नाव यांचा एकमेकांशी काही संबंधच दिसेना. जन्मदाखला मागवायचा तर त्यावरही माहेरचंच नाव. शेवटी आपल्या भारतीय पासपोर्टचं शेवटचं पान कामी आलं : वडील, आई, नवरा, तिघांची नावं एकाखाली एक. त्याची आणि इमिग्रेशनच्या शिक्क्यांची प्रत जोडली. पत्रापेक्षा त्या पानाचंच वजन जास्त पडलं असावं.

अपील मंजूर झालं. एका सेमिस्टरमध्ये पेस भरून निघणं शक्य असतं, तेव्हा नुसतं प्रोबेशन मिळतं, म्हणजे एका सेमिस्टरपुरती मदत पुन्हा चालू. माझं तसं नव्हतं, म्हणून ॲकॅडेमिक प्लॅन आखून दिला. मी म्हटलं, पुढच्या दोन्ही सेमिस्टरला सहा-सहा क्रेडिट घेते, घर सांभाळून तेवढंच झेपेल. बाईंनी कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवला : ३६ पैकी २४, म्हणजे ६६.६७. काठावर नकोच म्हणाल्या, आणि दुसऱ्या सेमिस्टरचे नऊ केले. अट एकच, एकही डब्ल्यू नाही, एकही एफ नाही. अट पाळली तर मधे पुन्हा अपील करावं लागत नाही. सहा क्रेडिटवर पेल कमी मिळते, पण राज्याची टॅग ग्रँट काऊंटी कॉलेजात सहा ते अकरा क्रेडिट घेणाऱ्यांनाही असते. तिचा अर्ज वेगळा नाही, फाफ्सातूनच पुढे जातो. राज्याचे थोडे जास्तीचे प्रश्न असतात, तेवढे भरायचे.

त्या वर्षी स्टॅटिस्टिक्सनं घाम फोडला. मिडटर्मला सी दिसत होता आणि वर्गातली पोरं पटापट विथड्रॉ करत होती. मला ती सोय नव्हती. ट्युटरिंग सेंटरमध्ये कॉलेजचीच मुलं फुकट शिकवतात. तिथे माझ्या लेकापेक्षा जेमतेम चार वर्षांनी मोठा एक मुलगा मला ‘मॅम’ म्हणत स्टँडर्ड डेव्हिएशन समजावायचा. बी मिळाला.

मे महिन्यात हिशोब ३९ पैकी २७, म्हणजे ६९.२ टक्के. पोर्टलवरचा लाल शेरा गेला. डिग्रीला अजून ३३ क्रेडिट हवेत आणि मर्यादेत ५१ ची जागा आहे. अकाउंटिंगात काय ठेवलंय, नर्सिंगला जा, असं जाऊबाईंचं चाललंय. कोर्स बदलला तर घेतलेल्यांतले किती क्रेडिट नव्या ९० त धरतात, ते लेखी विचारलंय. उत्तर येईपर्यंत जाऊबाईंना हो-ना काहीच सांगितलेलं नाही.