तांबडी सुर्लाची व्हीआर सफर : सभामंडप अखेर जुळला

गोव्यातील तांबडी सुर्ला येथील महादेव मंदिर व्हीआर हेडसेटमध्ये (डोळ्यांवर चढवायच्या पडद्यात) आत फिरल्यासारखे पाहता यावे म्हणून मी त्याचे त्रिमितीय प्रारूप करत आहे. त्याचा बाहेरचा भाग पूर्ण झाल्याचे मागील नोंदीत लिहिले होते. सभामंडपाचे काम मात्र त्यानंतर दोन महिने अडून राहिले. ते कशामुळे अडले हे सविस्तर लिहितो, कारण जुन्या मंदिरांवर फोटोग्रामेट्री (अनेक फोटोंवरून त्रिमितीय प्रारूप उभे करणे) करणाऱ्या कोणालाही ही अडचण येऊ शकते.

मंडपाच्या मध्यभागी शीर नसलेला नंदी आहे आणि त्याच्या भोवती एकसारखे चार खांब आहेत. कदंब राजवटीतील कारागिरांनी ते इतक्या नेमकेपणाने घडवले आहेत की सॉफ्टवेअर फसले. फोटोग्रामेट्रीमध्ये एकमेकांवर येणाऱ्या फोटोंमधील सारख्या खुणा जुळवून कॅमेऱ्याची जागा ठरवली जाते. परंतु समोरासमोरच्या दोन खांबांवरील कंगोरे सॉफ्टवेअरने एकच धरले, आणि ६४० फोटोंमधून जो मंडप उभा राहिला त्यात खांब तीनच होते, नंदी तिरका झाला होता आणि छतावरील कोरीव कमळाच्या पाकळ्या एकमेकींत शिरल्या होत्या.

दोष केवळ समानतेचा नव्हता. हे मंदिर आपल्याकडच्या जांभ्या चिऱ्याचे नसून काळ्या बेसाल्टचे आहे, आणि तो दगड घाटावरून आणला असावा असे मानले जाते. अंधाऱ्या मंडपात हा गुळगुळीत काळा दगड कमी उजेडात टिपला की फोटोत खुणाच उरत नाहीत, उरतो तो फक्त दाणेदारपणा. पहिल्या खेपेस मी हे पुरेसे लक्षात घेतले नव्हते.

ट्रायपॉडसाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी पुन्हा घेऊन मी फोंड्याहून पहाटे निघालो. या वेळी फ्लॅश अजिबात न वापरता प्रत्येक फोटो दोन ते चार सेकंदांच्या एक्स्पोजरने आणि नेहमीपेक्षा एक स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेडाइतका) उजळ घेतला, तसेच फोटो एकमेकांवर साधारण ८० टक्के येतील अशा बेताने ट्रायपॉड सरकवत गेलो. सॉफ्टवेअरला प्रत्येक जागा वेगळी ओळखता यावी म्हणून वेगवेगळ्या सांकेतिक खुणा छापलेले बारा कागद जमिनीवर पसरून त्यांच्या कोपऱ्यांवर गोटे ठेवले. दगडाला काहीही चिकटवायचे नाही, हा नियम मी प्रथमपासून पाळतो. प्रमाणासाठी एक मीटर लांबीची लाकडी पट्टी नंदीशेजारी ठेवली होती.

जुळणी बरोबर झाली की नाही याची खात्री मात्र त्या कागदांपेक्षा एका शिल्पानेच अधिक करून दिली. हत्ती घोड्याला तुडवत असल्याचे कोरीवकाम चारपैकी एकाच खांबाच्या तळाशी आहे. नवे प्रारूप उघडताच मी प्रथम तेच शोधले. ते एकदाच, आपल्या जागी आणि सोंडेच्या वळणासह स्पष्ट दिसले, तेव्हा दोन महिन्यांचा शीण उतरला.

प्रारूप हेडसेटसाठी हलके करण्याचे काम तुलनेने लवकर आटोपले. क्वेस्ट २ या माझ्या हेडसेटवर सेकंदाला ७२ चित्रे, म्हणजे एका चित्राला जेमतेम १४ मिलिसेकंद मिळतात, म्हणून ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये प्रारूपाच्या पृष्ठभागाची त्रिकोणांची जाळी विरळ करून कोरीवकामाचा बारकावा नॉर्मल मॅपमध्ये (सपाट पृष्ठभागावर उंचसखलपणाचा भास देणाऱ्या चित्रात) उतरवला. छतावरील कमळ मान वर करून पाहिले तरी चित्र अडखळत नाही.

नंदीला शीर आणि अपूर्ण शिखराला माथा जोडून मंदिर ‘पूर्ण’ दाखवावे, अशी सूचना काही मित्रांनी आपुलकीने केली आहे. मी तसे करणार नाही. मूळ शीर कसे होते याचा पुरावा माझ्याजवळ नाही, आणि हेडसेटमध्ये एकदा पाहिलेले रूप पाहणाऱ्याच्या मनात खरे म्हणून राहते.

आता राहिला आहे तो बाजूने वाहणाऱ्या नदीचा आवाज. मंदिर पूर्वाभिमुख असल्याने मंडपातून दाराकडे तोंड करून उभे राहिल्यावर पाणी कोणत्या कानाला अधिक ऐकू येते आणि गर्भगृहाकडे वळल्यावर ते किती दबते, हे तिथेच टिपावे लागेल. त्यासाठी दोन मायक्रोफोन घेऊन येत्या रविवारी पुन्हा जात आहे.