तुम्ही विचारलंत म्हणून: तेच तेच ऐकायला दरवर्षी काय जाता?

डिसेंबर आला की मी माळ्यावरून चटई काढते, शाल उन्हात टाकते, थर्मासचं झाकण शोधते आणि कोणीतरी विचारतंच. यंदा खालच्या मजल्यावरच्या काकूंनी लिफ्टमध्ये विचारलं, "तेच तेच ऐकायला दरवर्षी काय गं जातेस? फोनवर आहे की सगळं!" वहिनी दर भाऊबीजेला विचारते. ऑफिसातली पोरं "मॅडम, तुम्ही फॅन आहात त्याच्या?" असं विचारतात, म्हणजे त्यात 'या वयात?' हे न बोलता आलंच. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत या प्रश्नाचं उत्तर देऊन होत नाही, म्हणून इथे देते.

ज्याचं गाणं ऐकायला जाते त्या गायकाचं नाव लिहीत नाही. लिहिलं की लगेच "तो? तो काय गातो!" यावर गाडी जाणार आणि मला ते नकोय. पुण्याच्या पेठेतला मुलगा आहे, आता मुलगा कसला, चाळिशी आली त्याची. गिटार घेऊन बसतो, गाणी स्वतः लिहितो, चाल स्वतः लावतो, गातो पण स्वतःच. आपल्याकडे या प्रकाराला अजून धड शब्द नाहीये, कवी लोकांना तो गाणारा वाटतो आणि गाणाऱ्यांना तो कवी वाटतो, त्यामुळे दोघंही त्याला जरा सांभाळूनच घेतात. कॉलेजात असताना फिरोदिया करंडकाला, म्हणजे कॉलेजांच्या त्या स्पर्धेला, मागच्या बाजूला बसून गिटार वाजवायचा असं तोच सांगतो. आता वर्षभर बाहेर असतो, मुंबई, दिल्ली, बेंगळुरू, मग परदेशातली महाराष्ट्र मंडळं, आणि डिसेंबरात एकदा घरी येतो आणि कर्वेनगरकडच्या एका शाळेच्या मैदानावर गातो. खुर्च्या पुढे चार-पाच रांगा, म्हाताऱ्यांसाठी. त्यातल्या एका खुर्चीवर त्याची आई. बाकी सगळे खाली, आपापली चटई घेऊन.

खाली बसून, शाल गुंडाळून ऐकायची सवय मला बाबांनी लावली. सवाई, म्हणजे सवाई गंधर्व संगीत महोत्सव, तेव्हा रमणबागेत असायचं. भीमसेनजींनी आपल्या गुरूंच्या, म्हणजे सवाई गंधर्वांच्या स्मृतीसाठी 1953 साली ते सुरू केलं हे बाबा दरवर्षी नव्याने सांगायचे. मी लहान होते, मला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण शेवटच्या दिवशी रात्रभर बसायला मिळायचं, पहाटे थंडीत दात वाजायचे आणि बाबा त्यांच्या शालीचं एक टोक माझ्यावर टाकायचे, एवढ्यासाठी मी जायचे. आता सवाई मुकुंदनगरला असतं आणि रात्रभर असं काही उरलं नाही, कारण 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सरकार वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस 12 पर्यंत सूट देऊ शकतं, पण ते बहुतेक गणपती-नवरात्रातच संपतात. आमच्या या पोराच्या वाट्याला त्यातला दिवस कुठला यायला. हा 10 चा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

तर फोनवर आहे की सगळं. आहे ना. मी पण ऐकते, स्वयंपाक करताना रोज. आणि नुसतं फोनवरच नाही, मी त्याला बाहेरगावी पण ऐकलाय. दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या ट्रेनिंगला बेंगळुरूला गेले होते, नेमका त्याच आठवड्यात तिथे त्याचा कार्यक्रम, बंद हॉल, एसी, उत्तम साउंड. काय सुंदर झाला म्हणून सांगू. सव्वा तासात एक सूर इकडचा तिकडे नाही. दोन गाण्यांच्या मधे एक मुलगा अंधारातून येऊन त्याच्या हातात दुसरी, आधीच जुळवलेली गिटार द्यायचा आणि लगेच पुढचं गाणं. बाहेर पडले आणि मला वाटलं, जेवण झालंय पण पोट भरलेलं नाहीये, आणि काय कमी पडलं ते काही केल्या सापडेना. रूमवर आल्यावर लक्षात आलं. तो बोललाच नव्हता.

पुण्यात तो बोलतो, आणि का बोलतो माहितीये? गिटार उतरते-चढते म्हणून. डिसेंबरच्या संध्याकाळी मैदानावर ऊन गेलं की गारवा भराभर वाढतो, थंडीने स्टीलच्या तारा आखडतात, ताण वाढतो आणि सूर वर सरकतो. मग दिवे लागतात, त्यांची ऊब त्याच तारांवर पडली की सूर परत खाली. घरच्या कार्यक्रमाला दुसरी गिटार नाही आणि ती आणून देणारा मुलगा पण नाही, म्हणजे दर दोन गाण्यांनंतर हा खुंट्या पिळत बसणार, आणि पिळता पिळता गप्प कसं बसायचं म्हणून काहीतरी सांगणार. गाण्यामागची सगळी खरी माहिती मला या खुंट्या पिळण्यातून मिळालीये. एका गाण्यातला प्रवासी म्हणजे त्याचे मामा, ते गाणं सगळेजण प्रेमाचं समजतात. दुसऱ्या एका गाण्यात पाऊस आहे तो खरा पाऊस नाहीच, वरच्या मजल्यावरच्यांची टाकी ओव्हरफ्लो व्हायची.

आणि उघड्यावर गंमती फार होतात. मागच्या वर्षी लोकांनी उत्साहाने टाळ्यांचा ठेका धरला तर त्याने हात वर करून थांबवलं, म्हणाला मागच्या लोकांनो तुमचं प्रेम माझ्यापर्यंत उशिरा पोचतंय. सगळे हसले, पण ते अगदी खरं होतं. मी घरी येऊन हिशोब केला (अकाउंट्सवाली आहे, हिशोब केल्याशिवाय झोप नाही). आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, मी बसले होते तिथून स्टेज तीस-पस्तीस मीटर, म्हणजे त्याचा ठेका माझ्यापर्यंत यायला एक दशांश सेकंद आणि माझी टाळी परत जायला अजून एक दशांश. जरा उडतं गाणं असेल तर ठोक्यांमधे अर्धा सेकंद असतो, त्यात दोन दशांशाचा उशीर म्हणजे भयंकरच. त्याने ते डोळे मिटून दोन कडवी सहन केलं होतं.

टिटवीचं पण झालं. शाळेच्या कुंपणापलीकडे मोकळा प्लॉट आहे, तिथे टिटव्या असणारच. अगदी हळू गाणं चाललेलं, सगळे चिडीचूप, आणि ती टिटिव टिटिव करत डोक्यावरून गेली. माझ्या शेजारच्या आजी पुटपुटल्या, "अगं बाई, आत्ताच ओरडायचं होतं हिला." तो थांबला, ऐकलं, म्हणाला "ती बरोबर आहे, माझीच तार उतरलीये" आणि परत खुंट्या. त्याच आजींनी पर्समधून ओडोमॉसची ट्यूब काढली, स्वतः लावली, मला दिली, मी पुढच्या मुलीला, ती ट्यूब दोन रांगा फिरून पार चपटी होऊन परत आली. आजींनी ती उजेडात धरून बघितली आणि काही न बोलता पर्समधे टाकली.

पण हे सगळं झालं आजूबाजूचं. तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर वेगळं आहे. मी जाते कारण पुण्यात त्याच्या गाण्यांचं ऑडिट होतं.

म्हणजे असं बघा. त्याच्या एका जुन्या गाण्यात नायक तिला स्कूटरवर मागे बसवून लकडी पुलावरून नेतो. बेंगळुरूला लोकांनी या ओळीला डोळे मिटून माना डोलावल्या. पुण्यात पहिल्यांदा गायला तेव्हा मधूनच एक काका म्हणाले, "लकडी पुलावर टू-व्हीलरला बंदी होती!" गाणं चालू असताना, बरं का. त्याने थांबून सांगितलं, "म्हणूनच पावती फाडली काका, तिसऱ्या कडव्यात आहे, येतंय." काका म्हणाले "मग ठीके." मला हे एवढं आवडलं ना. त्यांना ओळ बरोबर हवी होती, कारण ते त्या पुलावरून आयुष्यभर गेलेत.

आणि मी हसत होते त्या काकांना, पण माझ्याही मनात त्याच्या एका गाण्याबद्दल वर्षानुवर्षं एक ऑडिट पॉइंट पडून होता. गिरणीचं गाणं. माझं सगळ्यात आवडतं. आम्ही सदाशिव पेठेत राहायचो आणि तो दोन गल्ल्या सोडून (हे मला नंतर कळलं, ओळख वगैरे काही नाही), म्हणजे गाण्यातली गिरणी ती आमचीच गिरणी यात मला शंका नाही. पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवयांचा तो माणूस, पट्ट्याची फटफट, डब्यांची रांग, झाकणावर ऑइलपेंटने आडनावं. बायकांची ती ठरलेली भांडणं, आधी बाजरी दळली असेल तर माझा गहू लगेच टाकू नका, पोळ्या काळ्या येतात. आणि दळण झाल्यावरचा डबा. गरम. तो कमरेवर घेऊन थंडीत घरी यायचं, फ्रॉकमधून पोटाला त्याची ऊब लागायची. हे त्याने गाण्यात आणलंय, दोनच ओळींत आणलंय, आणि मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गॅसवरचं दूध उतू गेलं होतं.

पण त्यात तो म्हणतो की गुरुवारी गिरणी धडधडते.

अहो गुरुवारी कशी धडधडेल? पुण्यात गुरुवार हा लाईट जायचा वार. आमच्या लहानपणी आई बुधवारीच डबा पाठवायची, "उद्या गुरुवार, गिरणी बंद." हे पेठेतल्या पोराला माहीत नसेल असं होणारच नाही, लिहिताना जिभेवर तो वार आला आणि राहून गेला. फोनवर हजारदा ऐकलंय आणि हजारदा तिथे खडा लागलाय. सांगायचं कोणाला? मी त्याला कधी भेटले नाही, सेल्फीच्या रांगेत उभं राहायचा स्वभाव नाही. पण मनातल्या मनात दुरुस्ती करून ठेवली होती. शुक्रवारी चालत नाही, एक मात्रा वाढते. सोमवारी पण तेच. बुधवारी, शनिवारी, रविवारी बसतात, सहा मात्रा बरोबर. यातलं रविवारी खरं, कारण सगळ्यात लांब रांग रविवारी असायची, पोरांना शाळेला सुट्टी म्हणून डबे घेऊन पिटाळायचे.

मागच्या डिसेंबरात 10 ला पाच मिनिटं कमी असताना साउंडवाल्याने त्याला मनगटावर बोट आपटून दाखवलं. त्याने माइक बंद करायला सांगितला. आम्हाला वाटलं संपलं, लोक चपला शोधायला लागले, तर हा गिटार घेऊन स्टेजच्या कडेला येऊन पाय सोडून बसला आणि म्हणाला पुढे सरका, एक आहे अजून. माइकशिवाय. पाच-सहाशे माणसं चटया ओढत पुढे सरकली, मी पण, आजींची पर्स धरून, आणि खुर्च्यांच्या अगदी मागे जाऊन बसलो. एवढ्या जवळून मी त्याला कधी बघितलं नव्हतं. गिटारवर बोटं सरकताना तारांची ती बारीक कुईकुई पण ऐकू येत होती, स्पीकर असला की ती कळतच नाही.

खुंट्या पिळत म्हणाला, "गिरणीचं म्हणतो. पण मागच्या वर्षी एका काकूंनी मला पार्किंगमध्ये गाठून सांगितलं, गुरुवारी लाईट नसायची." हशा. मला मात्र आत कुठेतरी कोणीतरी चिमटा काढल्यासारखं झालं. माझा पॉइंट होता तो! कोण या काकू? इतकी वर्षं मी गप्प बसले आणि यांनी पार्किंगमध्ये उरकून टाकलं.

"मग आता काय टाकू सांगा," तो म्हणाला.

झालं, पुणेकरांना विचारल्यावर काय होणार. कोणीतरी बुधवार म्हणालं, त्यावर मागच्या पोरांचं टोळकं खिदळलं, पुण्यात पेठांना वारांची नावं, वार बदलला की पेठ बदलते आणि बुधवारला लोक हसणारच. कोणी शनिवार म्हणालं, त्यावर दुसरं कोणी म्हणालं शनिवारी तेलाचं, गिरणीचं कुठे काय. एकाने सोमवार सुचवला आणि त्याने स्वतःच गुणगुणून बघून मान हलवली, बसत नाही. त्याची आई खुर्चीतून काहीतरी सांगत होती पण गलक्यात ऐकू आलं नाही. आणि मी, जी सोसायटीच्या मीटिंगमध्ये पण तोंड उघडत नाही, मी जोरात ओरडले, "रविवार! रविवारी रांग असायची!"

आजी दचकल्या. त्याने मान वळवून आमच्या बाजूला बघितलं, म्हणजे मला बघितलं असं मी म्हणणार नाही, अंधार होता, पण आमच्या बाजूला बघितलं. "बरोबर," म्हणाला. "रविवारी दोन-दोन तास उभा असायचो मी. रविवारी. फायनल." त्याने ओठातल्या ओठात दोनदा म्हणून पण बघितलं.

मग गायला लागला. माइक नाही, त्यामुळे आवाज साधा, घरात कोणी गुणगुणावं तसा, आणि सगळं मैदान कान देऊन बसलेलं. पांढऱ्या भुवया झाल्या, डबे झाले. मी शाल घट्ट धरून ती ओळ यायची वाट बघतेय. आली. डोळे मिटून, इतक्या वर्षांच्या सवयीने, सुरात, अगदी सुरेख, तो "गुरुवारी" म्हणाला.

अर्धा क्षण शांतता. मग त्याची आईच पहिली हसली, तिच्यामागे सगळे, तोही हसायला लागला आणि हसत हसत पुढचं कडवं तसंच गाऊन टाकलं.

या डिसेंबरात परत आहे. चटई झटकून ठेवलीये, थर्मासचं झाकण अजून सापडलेलं नाही.