देसिमाची वही: दहा ओळींतून स्पॅनिश जगात

एप्रिल

स्पॅनिशची मधली पायरी ओलांडली की पुढे काय करायचं, हे ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं. कुणी मालिकांमध्ये रमतं, कुणी फुटबॉलच्या समालोचनात. मी देसिमा, म्हणजे दहा ओळींची दशपदी, धरली आहे. 23 एप्रिलच्या स्पॅनिश भाषा दिनाचा मुहूर्त साधून नवी वही घातली. या वहीत दशपदीखेरीज काही लिहायचं नाही.

ज्यांनी देसिमा ऐकलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ओळी दहा, प्रत्येक ओळीत अवयव (म्हणजे शब्दाचे उच्चारी तुकडे, सिलॅबल) आठ आणि यमकांची वीण ठरलेली. पहिली ओळ चौथी-पाचवीशी जुळते, दुसरी तिसरीशी, सहावी सातवीशी आणि थेट दहावीशी, आठवी नववीशी. चौथ्या ओळीनंतर थांबून श्वास घ्यायचा. तोवर विषय मांडून झालेला असतो. पाचवी-सहावी ओळ वळण घेते आणि उरलेल्या चार ओळी शेवटाकडे धावतात. ही वीण पक्की केली विसेंते एस्पिनेल यांनी. आंदालुसियातल्या रोन्दा गावी 1550 मध्ये जन्मलेला हा कवी संगीतकारही होता. 1591 मध्ये त्यांचा काव्यसंग्रह निघाला आणि नाटककार लोपे दे वेगा यांनी या रचनेला त्यांचंच नाव दिलं, एस्पिनेला. काल्देरोन यांच्या नाटकात बुरुजात कोंडलेला राजपुत्र सेहिस्मुंदो आपलं दुःख याच दहा ओळींच्या बांधणीत बोलतो.

मला वेड लावलं ते पुढच्या प्रवासानं. ही दरबारी, शिकल्यासवरल्या लोकांची रचना जहाजांतून अमेरिकेत पोचली आणि तिथल्या शेतकऱ्यांच्या, गुराख्यांच्या तोंडी बसली. अक्षरओळख नसलेली माणसं ती उभ्या उभ्या रचू लागली. आज स्पॅनिश वीस देशांची राजभाषा आहे. त्यांतल्या कितीतरी देशांत, आणि पोर्तो रिकोत, दहा ओळींची ही चौकट जिवंत आहे. चाल निराळी, वाद्य निराळं, उच्चार निराळे, चौकट तीच. म्हणून मला वाटतं, स्पॅनिशचं जग समजून घ्यायला याहून चांगला रस्ता नाही.

जून, जुलै

हे दोन महिने फक्त कानासाठी ठेवले.

अवयव मोजणं हे कागदावरचं काम नव्हे, हे लवकर लक्षात येतं. एक शब्द स्वरावर संपला आणि पुढचा स्वरानं सुरू झाला तर दोन्ही स्वर एकात मिसळतात. ‘मी आल्मा’ सुटं वाचलं तर तीन अवयव, ओळीत गाताना दोनच. ओळीचा शेवटचा शब्द ‘कोरासोन’सारखा अंती आघात घेणारा असेल तर एक अवयव जास्त धरायचा. ‘पाहारो’सारखा शेवटून तिसऱ्या अवयवावर आघात घेणारा असेल तर एक कमी. हे नियम पाठ करण्यापेक्षा टाळी देत ऐकावेत. मी क्यूबाच्या पुंतो या गायनप्रकारापासून सुरुवात केली, कारण तिथे लाऊद आणि त्रेस ही तारवाद्यं दोन तुकड्यांच्या मध्ये वाजतात आणि ओळींचे गट आपोआप वेगळे कळतात. पुंतोला 2017 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली.

क्यूबातल्या कवींच्या जुगलबंदीला कोन्त्रोवेर्सिया म्हणतात. 1955 मध्ये हेसुस ओर्ता रुइस, म्हणजे इंदियो नाबोरी, आणि आन्हेलितो वालिएन्ते यांच्यात झालेली जुगलबंदी तिथं आजही शतकातली सर्वांत मोठी मानतात. प्रेम, स्वातंत्र्य, मृत्यू असे विषय आणि ऐकायला स्टेडियममध्ये जमलेली हजारो माणसं. त्या दशपद्या लेखी रूपात शिल्लक आहेत. त्या मोठ्यानं वाचताना सारखं वाटतं की हे तिथल्या तिथे सुचलं कसं? एकानं मृत्यूबद्दल टाकलेली प्रतिमा दुसरा पुढच्याच दहा ओळींत उचलतो, उलटी करतो आणि परत करतो. आपल्याकडच्या कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब ज्यांनी ऐकलेत त्यांना ही चुरस परकी वाटणार नाही.

मग स्पेनच्या कानारी बेटांवरचं पुंतो ऐकलं. बेटांवरून क्यूबात पोट भरायला गेलेली माणसं परतताना तिथलं गाणं घेऊन आली. शब्दाच्या शेवटचा ‘स’ दोन्हीकडे हलका होत होत हवेत विरतो. अटलांटिकच्या दोन काठांवरचे हे गायक डोळे मिटून ऐकले तर सख्खे शेजारी वाटतात.

ऑगस्ट

दक्षिणेकडे वळलो. अर्जेंटिना आणि उरुग्वाय इथले पायादोर, म्हणजे उभ्या उभ्या कविता रचून गाणारे, गिटार स्वतःच वाजवतात, बहुधा मिलोंगाच्या ठेक्यावर. 23 जुलै 1884 रोजी उरुग्वायच्या पायसान्दू शहरात गाबिनो एसेइसा आणि हुआन दे नावा यांची गाजलेली लढत झाली. अर्जेंटिनात हीच तारीख पायादोर दिन म्हणून पाळतात. एसेइसा ब्वेनोस आइरेसचे, आफ्रिकी वंशाचे. ज्या गाण्याला गोऱ्या गाउचोचं (तिथल्या गुराख्याचं) गाणं म्हणून मिरवलं जातं, त्याचा सर्वांत मोठा मानकरी एक काळा माणूस आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पेरूतही तेच दिसतं. तिथं विसाव्या शतकात दशपदीला मानाची जागा मिळवून दिली ती निकोमेदेस सांता क्रूस यांनी, तेही आफ्रो-पेरुवियन. इक्वादोरच्या एस्मेराल्दास किनाऱ्यावरचे आफ्रिकी वंशाचे लोक तर चार ओळींचं ध्रुपद आणि त्यावर चार दशपद्या अशा चव्वेचाळीस ओळी मुखोद्गत म्हणतात.

पायादोरांचा एक प्रकार मला सर्वांत जास्त आवडला. दोघे मिळून एकच दशपदी रचतात, आळीपाळीनं दोन-दोन ओळी. समोरचा यमक कुठं सोडून जाईल याचा भरवसा नसतो. इथं ऐकणं हीच अर्धी कविता असते.

चिलीत पंचवीस तारांचा गितार्रोन असतो आणि गाण्याचे दोन मोठे विभाग, देवाबद्दलचं आणि माणसांबद्दलचं. विओलेता पार्रा यांनी आपलं आत्मचरित्रच दशपद्यांमध्ये लिहिलं. त्यावर वेगळी नोंद करायची आहे, इथं उरकण्यासारखं ते नाही.

सप्टेंबर

आता लेखणी. सरावासाठी धरलेल्या प्रकाराला पिए फोर्सादो म्हणतात: शेवटची ओळ दुसऱ्यानं द्यायची, तिच्यावर उतरतील अशा वरच्या नऊ आपण रचायच्या. आपल्या समस्यापूर्तीचा हा सख्खा भाऊ. पोर्तो रिकोचे त्रोवादोर भर मंचावर ओळ हाती पडताच गायला लागतात, साथीला दहा तारांचं क्वात्रो.

सरावाची माझी पद्धत सांगतो, कुणाला उपयोगी पडेल. दिलेली ओळ दहावीच्या जागी लिहायची. तिच्या यमकाचे दोन शब्द सहावी आणि सातवीसाठी आधीच राखून ठेवायचे. मग आठवी-नववीची जोडी. वरच्या पाच ओळी सर्वांत शेवटी. उलटं बांधलं की शेवट ओढूनताणून आणल्यासारखा होत नाही. कसलेले गायकही शेवट आधी मनात धरतात आणि तोंडानं सुरुवात करतात, म्हणून त्यांची दहावी ओळ एवढी अचूक आदळते.

स्पॅनिशमध्ये हात बसेपर्यंत वीण अंगात मुरावी म्हणून मराठीतही सराव करतो आहे. आपली अष्टाक्षरी इथं आयती कामाला येते. मोजणी आपल्या छंदाप्रमाणे लिखित अक्षरांची ठेवली, यमकांची वीण एस्पिनेल यांची. घरातून मिळालेली ओळ होती ‘पाऊस अजून आहे’:

धुक्यात बुडाला घाट
कुणी छेडला हा सूर
नदीला आलेला पूर
विचारे गावाची वाट.
रात्र ओली, गार, दाट
दिवा खिडकीत राहे
आई दाराकडे पाहे
ओठी जुनी जुनी गाणी
डोळां अडलेले पाणी
पाऊस अजून आहे

चौथ्या ओळीनंतरचा थांबा मोठ्यानं म्हणून बघा. पाचवीत तेच ‘आट’ पुन्हा येतं आणि सहावीत कविता घरात शिरते. हे वळण कळलं की देसिमा कळली. तेव्हापासून स्पॅनिश दशपदी ऐकताना सहाव्या ओळीला माझे कान टवकारलेलेच असतात.

स्पॅनिशमधल्या माझ्या दशपद्यांत यमक आता नीट बसतं. वेग मात्र कागदाचाच आहे, तोंडी रचण्याचा नाही. क्रियापदांच्या रूपांवर यमक जुळवणं सोपं पडतं, म्हणून ते मुद्दाम टाळतो आहे. ‘आबा’ किंवा ‘आन्दो’ने संपणारे शब्द हवे तितके मिळतात आणि जाणकारांना ते फिके वाटतात. नाम आणि विशेषणांची यमकसूची देशवार लिहितो आहे, कारण उच्चारांप्रमाणे यमकंही बदलतात. माद्रिदमधला ‘प्लाथा’ (चौक) ला प्लाता नदीच्या काठी ‘प्लासा’ होतो, तेव्हा माद्रिदच्या कानाला न जुळणारं काहीतरी तिथं जुळून जातं.

ऑक्टोबरपासून

मेक्सिकोच्या सिएर्रा गोर्दातलं उआपांगो आर्रिबेन्यो हाती घेतलं आहे. ग्वानाहुआतो, केरेतारो आणि सान लुइस पोतोसी या राज्यांच्या डोंगराळ सीमेवर दोन संच समोरासमोर उंच मंचांवर बसतात. दोन व्हायोलिन, एक विवेला, एक मोठी गिटार, मध्ये नाचणारे लोक. या लढतीला तोपादा म्हणतात आणि ती रात्रभर, पहाटेपर्यंत चालते. आधी रचून आणलेल्या दशपद्यांबरोबर तिथल्या तिथे सुचलेले शब्दही येतात आणि त्यांत कुणाच्या लग्नापासून पावसाच्या ओढीपर्यंत सगळं असतं. ग्वियेर्मो वेलास्केस या परंपरेतले मोठे कवी. शिचू गावात दर वर्षअखेरीस याचा उत्सव भरतो. ध्वनिमुद्रणं लांबलचक आहेत, म्हणून एका वेळी एकाच कवीची फेरी ऐकतो आणि सहावी व दहावी ओळ वहीत उतरवतो.

डिसेंबरसाठी पोर्तो रिकोचं अगिनाल्दो राखून ठेवलं आहे. नाताळातलं हे गाणं त्याच विणीत चालतं, फक्त ओळीत आठऐवजी सहा अवयव. दोन अवयव गेले की विशेषणांना जागाच उरत नाही. त्यासाठी छोट्या नामांची वेगळी यादी करायला घेतली आहे. कुणाकडे सहा अवयवांची चांगली शेवटची ओळ असेल तर द्या, मी तिच्यावर बसतो.