पाकिटात किती घालू?

तोक्योत नव्याने नोकरीला आलेली आपली मुलंमुली मला हमखास फोन करतात ती दोन वेळा. ऑफिसातल्या कुणाचं लग्न ठरलं की, नाहीतर कुणाचे वडील गेले की. प्रश्न एकच असतो, "काका, पाकिटात किती घालू?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

लग्न मित्राचं किंवा सहकाऱ्याचं असेल तर 30,000 येन. हो, तीस हजार. वीस नको, कारण दहा हजारांच्या दोन नोटांचे दोन सारखे भाग होतात, म्हणजे जोडपं फुटायची भीती. आपण पाचशेला रुपया जोडतो, तसलाच प्रकार. पण तीस हजार तिथल्या तरुणांनाही जड जातात. मग त्यांनी पळवाट काढली: दहा हजारांची एक नोट आणि पाच हजारांच्या दोन. रक्कम वीस हजार, पण नोटा तीन! शकुनालाच हिशेबात गुंडाळायची ही युक्ती मला अगदी आपल्याकडची वाटते.

नोटा मात्र कोऱ्या हव्यात. (2024च्या जुलैत आलेल्या नव्या छापाच्याच हव्यात असं नाही, फक्त न वापरलेल्या.) कोरी नोट म्हणजे, तुमच्या लग्नाची मी आधीपासून तयारी केली. आता हीच नोट मयताच्या पाकिटात घालून बघा. मरणाचीही तयारी ठेवली होतीत की काय! म्हणून तिथे वापरलेली नोट. एटीएममधून करकरीत निघालीच, तर लोक मधोमध एक घडी पाडून घेतात. नावसुद्धा फिक्या शाईने लिहायचं, कारण शाई अश्रूंनी पातळ झाली म्हणे. त्या फिक्या शाईचा पेन आता कोनबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात, चोवीस तास तयार मिळतो, पाकिटांच्या शेजारीच. काहींना हे नाटक वाटतं. मला नाही वाटत. देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही ती घडी कशी पडली ते ठाऊक असतं, तरी ती पाडायचे कष्ट कुणीतरी घेतलेले असतात.

गंमत पाकिटावरच्या दोऱ्याची. लग्नाला लाल-पांढरा किंवा सोनेरी, मयताला काळा-पांढरा. गाठ मात्र दोन्हीकडे न सुटणारी. हे पुन्हा घडू नये, एवढी इच्छा दोन्हीकडे सारखीच. बाळ झालं की सहज सुटणारी गाठ, कारण ते पुन्हा झालं तरी आनंदच.

सहकाऱ्याचे आई किंवा वडील गेले तर 5,000 येन पुरेत. दाराशी वही असते, तीत पत्ता नीट लिहा, कारण साधारण निम्म्या किमतीची परतभेट येते. चहा, साबण, असं काहीतरी वापरून संपणारं. दुःख मागे उरू नये म्हणून. पूर्वी ती 49 दिवसांच्या दुखवट्यानंतर यायची, हल्ली बरेचदा निघतानाच हातात देतात.

आणि अलीकडे बरीच घरं अंत्यविधी घरच्यांपुरताच करतात, पाकीट घेणार नाही असं निरोपातच कळवतात. ते खरं माना. "असू द्या हो" म्हणत बळेच हातात कोंबलंत, तर त्या गडबडीत त्यांना तुमच्यासाठी चहाचा डबा शोधत फिरावं लागेल.