तुम्ही विचारलंत म्हणून: दारात उभं राहून बोलायचं वाक्य

इंटर्न मुलांची नवी बॅच आली की एका शनिवारी दुपारी मी त्यांना एक अमेरिकन सिनेमा दाखवते. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून नोकरी केली, आता निवृत्त झाले, तरी त्या शनिवारपुरतं मला बोलावतात. सिनेमा संपून दिवे लागले की कुणीतरी हमखास विचारतं, ‘‘मॅडम, आम्ही डॉक्टर होणार. हा मिलिटरीचा सिनेमा आम्हाला कशासाठी?’’ घरी सूनबाई वेगळ्या शब्दांत तेच विचारते, ‘‘आई, आयुष्यभर हॉस्पिटलात हेच बघितलंत, आता परत परत हे कशाला बघता?’’ दोघांनाही मी घाईघाईत काहीतरी उत्तर देते. आज नीट सांगते.

सिनेमाचं नाव ‘द मेसेंजर’. 2009 सालचा, ओरेन मूव्हरमन या दिग्दर्शकाचा. तो इस्रायलमध्ये जन्मलेला आणि तिथल्या सैन्यात राहिलेला माणूस. इराकमध्ये जखमी होऊन परतलेला विल नावाचा एक सार्जंट आहे. त्याच्या नोकरीचे तीनच महिने उरलेत आणि तेवढ्यासाठी त्याला एक काम दिलं जातं. युद्धात सैनिक मेला की त्याच्या घरी जायचं, दार वाजवायचं आणि सांगायचं. त्याच्यासोबत कॅप्टन स्टोन, या कामात मुरलेला. विलचं काम बेन फॉस्टरनं केलंय आणि स्टोनचं वुडी हॅरलसननं. हॅरलसनला त्यासाठी ऑस्करचं नामांकन मिळालं, पटकथेलाही मिळालं, आणि बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात पटकथेला ‘रौप्य अस्वल’ हा पुरस्कार मिळाला.

सुरुवातीलाच स्टोन विलला नियम सांगतो. मध्यरात्री कुणाला उठवायचं नाही. शेजारणीला, मैत्रिणीला निरोप द्यायचा नाही, जवळच्या नातलगालाच सांगायचं. मेलेल्याचं नाव घ्यायचं, त्याला ‘बॉडी’ म्हणायचं नाही. अंगाला हात लावायचा नाही. आणि मुख्य म्हणजे ‘मृत्यू झाला’, ‘मारला गेला’ असंच म्हणायचं, ‘आपल्यात राहिला नाही’ वगैरे नाही. त्यावर तो एक किस्सा सांगतो. कुणीतरी एका म्हातारीला ‘तो आता आपल्यात नाही’ असं सांगितलं, तर तिला वाटलं पोरगा शत्रूला जाऊन मिळाला. इथे मुलं हसतात. मी त्यांना हसू देते, कारण पुढच्या दहा मिनिटांत पहिलं दार वाजतं आणि खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होते.

हा नियम माझ्या काळजाला का भिडतो ते सांगायचं तर 1971च्या डिसेंबरात जावं लागेल.

माझं आजोळ सातारा जिल्ह्यातलं. आमच्याकडे घराआड फौजी. अपशिंगे गावाला तर लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जण कामी आले, त्यांचा स्तंभ गावात आहे. माझा धाकटा मामा मराठा लाइट इन्फंट्रीत होता. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात जमालपूरला 10 आणि 11 डिसेंबरच्या रात्री जी लढाई झाली, त्यात तो गेला. (बघा, मीसुद्धा ‘गेला’ लिहून बसले. मारला गेला.)

गावात तार आली. इंग्रजी. पोस्टमननं ती शाळेत गुरुजींकडे नेली, कारण वाचणारे तेवढेच. मी पाच वर्षांची, आजीच्या ओच्याला धरून उभी. गुरुजी ओसरीवर आले, कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि म्हणाले, ‘‘जखमी झालाय. मोठ्या दवाखान्यात हाय. बरा होईल.’’

गुरुजी भला माणूस. त्यांचं काळीज धजलं नाही, एवढंच. घरात कुणी कर्ता पुरुष नव्हता, थोरले मामा मुंबईला गिरणीत. ते येईपर्यंत म्हातारीला कळू नये असं त्यांनी ठरवलं आणि गावाला तसं सांगून ठेवलं. चार दिवस साऱ्या गावाला माहीत होतं, आजीला नव्हतं. ती आडावर गेली की बायका गप्प व्हायच्या. तिला वाटायचं, लेक जखमी आहे म्हणून बिचाऱ्यांना वाईट वाटतंय.

त्या चार दिवसांत आजीनं डिंकाचे लाडू केले. डिंक तुपात फुलवला, खारीक कुटली, मेथी दळली. जखम भरायला डिंक चांगला. डबा भरून फडक्यात शिवला आणि वर पत्ता घालून द्या म्हणून गुरुजींकडेच घेऊन गेली. गुरुजींनी तो डबा ठेवून घेतला. काय करणार होते बिचारे? थोरले मामा सोल्जर बोर्डातून, म्हणजे फौजींच्या घरच्यांचं काम बघणाऱ्या सरकारी कचेरीतून, खात्री करून आले तेव्हा डबा शाळेच्या कपाटात तसाच होता.

आजी पुढे तेवीस वर्षं जगली. मामाबद्दल ती शांतपणे बोलायची. लढाईत पडला, नाव काढलं, असं म्हणायची. पण गुरुजींचा विषय निघाला की तोंड फिरवायची. ‘‘चार दिस मला खुळी केली त्यानं,’’ म्हणायची. ‘‘माझं लेकरू मातीत आन् मी लाडू वळतीया. साऱ्या गावानं बघितलं मला लाडू वळताना.’’

मामाची पेटी नंतर आली, काळी पत्र्याची, वर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. आत दाढीचं सामान, पत्रं, दोन शर्ट. पार्थिव येण्याचा प्रश्नच नव्हता, त्या काळी सैनिकाचे अंत्यसंस्कार बहुतेक तिकडेच व्हायचे. शर्ट आजी दिवाळीच्या आधी उन्हात घालायची. कधी धुतले नाहीत.

आता सिनेमातला एक प्रसंग. विल आणि स्टोन ऑलिव्हिया नावाच्या बाईच्या घरी जातात. सामंथा मॉर्टननं ते काम केलंय. बाई अंगणात कपडे वाळत घालतेय, दोरीवर पुरुषाचे शर्ट आहेत. दोघे ठरलेलं वाक्य बोलतात. ती किंचाळत नाही, कोसळत नाही. दोघांशी हात मिळवते आणि म्हणते, तुमच्यासाठीही हे सोपं नसेल. परतताना स्टोनला तिच्याबद्दल आणि त्या शर्टांबद्दल शंका येते. पुढे तिच्या स्वयंपाकघरात ती विलला नवऱ्याच्या शर्टाबद्दल सांगते. युद्धावरून तो कसा बदलून यायचा, त्या शर्टाला कसला वास यायचा ते. एकच लांबच लांब शॉट आहे, कॅमेरा हलत नाही म्हटलं तरी चालेल. मी हा सिनेमा पहिल्यांदा एकटीनं पाहिला तेव्हा इथे थांबवला होता. उठून पाणी प्याले आणि मग पुढचा पाहिला.

दारं ठोठावण्याचे बाकीचे प्रसंग हातात धरलेल्या कॅमेऱ्यानं, सलग घेतलेत. स्टीव्ह बुशेमीनं एक बाप केलाय. बातमी ऐकल्यावर तो विलच्या अंगावर जातो, तू का नाही तिकडे, तू का नाही मेलास, असं विचारतो, थुंकतो. विल उभा राहतो, बस. नंतर तोच बाप येऊन माफी मागतो. कॅज्युअल्टीत काम केलेल्या कुणालाही हा माणूस ओळखीचा वाटेल. राग बातमीवर निघत नाही, बातमी आणणाऱ्यावर निघतो, आणि आपल्याकडे तर तो काचा फोडण्यापर्यंत जातो. मारहाण झालेल्या निवासी डॉक्टरांशी मी बोललेय. बऱ्याचदा आतली गोष्ट एकच असते: पेशंट तासाभरापूर्वी मेलेला असतो, सांगायला कुणी बाहेर आलेलं नसतं, आणि नातेवाईकांना ते वॉर्डातल्या मावशीच्या चेहऱ्यावरून कळतं.

सांगितलं तरी कसं सांगतात? ‘‘आम्ही सगळे प्रयत्न केले.’’ एका तरण्या मुलाला डॉक्टरांनी एवढंच सांगितलं आणि ते आत गेले. पोरगा माझ्याकडे वळून म्हणाला, ‘‘ताई, मग आता कुठलं औषध आणू?’’ त्याच्या मुठीत मेडिकलची चिठ्ठी आणि पाचशेची नोट होती. त्याचा बाप वीस मिनिटांपूर्वी मेला होता. ते सांगणं माझ्या वाट्याला आलं.

आपली रीतच अशी आहे. फोन करतात तो ‘सीरियस आहे, निघून ये’ असा. माणूस रात्रभर एसटीत बसून येतो, सगळ्या देवांना नवस बोलत, आणि गल्लीच्या तोंडाशी तिरडीचे बांबू दिसतात. प्रवासात धीर सुटू नये म्हणून करतात हे, ठाऊक आहे मला. एकट्या निघालेल्या माणसाच्या बाबतीत मीसुद्धा आधी विचारते, जवळ कोण आहे, गाडी कोण चालवतंय. पण समोर उभ्या असलेल्या माणसाला अर्धवट सांगणं मला अजिबात मान्य नाही. नवसाचे ते तास त्याच्याकडून आपण फसवून घेतलेले असतात.

अमेरिकेतही हे दार ठोठावणं आपोआप आलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात तिथेही तारच यायची. 1965च्या नोव्हेंबरात व्हिएतनाममध्ये इया द्रांगच्या खोऱ्यात मोठी लढाई झाली आणि जॉर्जियातल्या फोर्ट बेनिंग छावणीजवळच्या कोलंबस गावात तारांची रीघ लागली. त्या तारा वाटायला टॅक्सीवाले लावले होते. टॅक्सी दारात थांबली की बाईच्या पायाखालची जमीन सरकायची. तिथल्या बटालियनच्या कमांडरची बायको ज्युलिया मूर स्वतः त्या घरांत गेली, दफनविधींना उभी राहिली, आणि तिनं वर तक्रार केली की बायकांना असं टॅक्सीवाल्याकडून कळवू नका. त्यानंतर गणवेशातला अधिकारी आणि धर्मगुरू यांनी जोडीनं घरी जायची पद्धत रुळली. इराक युद्धात अमेरिकेचे चार हजार चारशेहून अधिक सैनिक मेले. म्हणजे एवढ्या वेळा कुणीतरी दार वाजवलं. सिनेमात युद्ध एकदाही दिसत नाही, दारंच दिसतात.

त्यातलं एक दार मी मुलांना दोनदा दाखवते. बापाला इंग्रजी येत नाही, तर विल आणि स्टोन दुभाष्याला सोबत घेऊन गेलेत. एक वाक्य इंग्रजीत, तेच स्पॅनिशमध्ये. बाप दुभाष्याच्या तोंडाकडे बघत राहतो. आमच्याकडे झारखंडचा एक बांधकाम मजूर पडून मेला, तेव्हा त्याच्या बायकोला मराठी कळेना, हिंदीही धड नाही. एक सिस्टर तिच्या नऊ वर्षांच्या पोराला म्हणाली, ‘‘बाळा, तुला येतं ना? तू सांग आईला.’’ पोरगं म्युनिसिपालटीच्या शाळेत जात होतं, मराठी चांगली बोलायचं. मी मध्ये पडले. साइटवरच्या मुकादमाला बोलावून घेतलं, त्याला येईपर्यंत दीड तास लागला, आणि तो दीड तास मी त्या बाईचा हात धरून बाकावर बसले. तिला समजलं असणार. पण पोराच्या तोंडून नाही समजलं.

हात धरला, म्हणजे स्टोनचा नियम मोडला. हा एक नियम मला पटत नाही, मुलांनाही तसं सांगते. तिकडे सैन्याची शिस्त असेल, गणवेशाची कारणं असतील. सिनेमात विलसुद्धा पुढे तो मोडतो आणि स्टोन त्याच्यावर भडकतो. आपल्याकडे माणूस कोसळला तर धरायचं. एवढंच बघायचं की त्याला धरलेलं हवंय ना.

बाकी मी त्यांना सांगते ते थोडकंच आहे. नाव विचारून घ्या, नातं विचारून घ्या, चुकीच्या माणसाला सांगू नका. कॉरिडॉरमध्ये चालता चालता नको. बसवा, स्वतः बसा, मोबाइल बंद ठेवा. मग ‘वारले’ म्हणा किंवा ‘मृत्यू झाला’ म्हणा, आणि गप्प राहा. उठून जाऊ नका. आता अभ्यासक्रमातही संवाद हा विषय आलाय, 2019पासून एमबीबीएसला शिकवतात, पायऱ्या पाठ करून घेतात. चांगलं आहे. पायऱ्या पाठ असलेला मुलगाही दाराशी आला की ‘‘आम्ही सगळे प्रयत्न केले’’ म्हणून सुटू बघतो, म्हणून मी सिनेमा दाखवते. स्टोन वीस वेळा ते वाक्य बोललाय आणि शेवटी तोच ढसाढसा रडतो, हे त्यांनी बघायला हवं. इतक्या वर्षांत माझीही जीभ दर वेळी जड झालीय.

गेल्या पावसाळ्यात मी सहज वॉर्डात गेले होते. गेल्या वर्षीच्या बॅचमधली एक मुलगी आता निवासी डॉक्टर झालीय. आयसीयूबाहेर एक म्हातारी बसली होती, शेजारी जेवणाचा डबा. मुलगी आली, चप्पल काढल्यासारखी क्षणभर थांबली, आणि तिच्या समोर खाली फरशीवरच बसली. ‘‘आजी, तुमचं नाव काय? आत आहेत ते शंकरराव तुमचे कोण?’’ मालक, असं म्हातारी म्हणाली. ‘‘आजी, शंकरराव वारले. दहा मिनिटं झाली.’’

म्हातारी काही बोलली नाही. बऱ्याच वेळानं तिनं डबा पुढे सरकवला आणि म्हणाली, ‘‘ह्यात पेज हाय त्यांची. आता तुमीच कुणाला तरी द्या, बाई. फेकू नगा.’’

मुलीनं डबा दोन्ही हातांनी घेतला आणि तशीच बसून राहिली.