फॉर्मवर सगळीकडे पाच

मी सीसीयूत, म्हणजे हृदयाच्या अतिदक्षता विभागात, स्टाफ नर्स आहे. डिस्चार्जच्या वेळी आम्ही पेशंटकडून एक फॉर्म भरून घेतो, एक ते पाच मार्क द्यायचे आणि शेवटी 'कोणाचं नाव सांगाल' असा रकाना. एका काकांनी सगळीकडे पाच दिले नि रकान्यात माझं नाव लिहिलं. मीटिंगमध्ये ते वाचून दाखवलं, टाळ्या पडल्या. त्यानंतर आठवडा नाही झाला तर तेच काका परत स्ट्रेचरवर.

पहिल्या वेळची केस खरंच झकास झालेली, फुशारकी म्हणून नाही सांगत (थोडी असेल). आल्यापासून सहाव्या मिनिटाला ईसीजी हातात, त्यातली एसटी रेघ एवढी वर चढलेली की हार्ट अटॅक आहे का हे कोणाला विचारायची गरजच नाही, ॲस्पिरिन चावून खायला दिली, आणि ५२ मिनिटांत बंद नस उघडणारा बलून फुगलासुद्धा, ९० च्या आत झालं तरी चांगलं मानतात. अँजिओप्लास्टी मनगटातून केलेली, म्हणून रक्त थांबवायला हाताला हवेचा पट्टा. तो काढण्यात माझा हातखंडा आहे. सिरिंजने दोन-दोन मिली हवा काढायची, थांबायचं, रक्ताचा थेंब दिसला की तेवढीच परत भरायची, घाई केली की हात काळानिळा. काकांचा हात अगदी स्वच्छ निघाला, सारखा वळवून वळवून बघत होते.

आणि डिस्चार्ज? दोन पेशंट बेडसाठी ताटकळलेले, बिलिंगचे फोनवर फोन, व्हीलचेअर दाराशी. गोळ्यांचं मी सांगितलं, नाही असं नाही. 'ही सकाळ-संध्याकाळ, बंद करायची नाही.' काकांनी मान हलवली, मी चेकलिस्टवर टिक केली, सही केली. फार तर दोन मिनिटं. फॉर्मवर 'औषधांची माहिती नीट दिली का', त्यालाही पाचच.

ती गोळी टिकाग्रेलर, स्टेंटमध्ये (नस उघडी ठेवायला बसवलेली जाळी) गुठळी होऊ नये म्हणून. काही जणांना तिने धाप लागल्यासारखं होतं, बहुतेकदा हलकंच असतं, पण आधी कोणी सांगितलं नसेल तर हार्ट अटॅक येऊन गेलेला माणूस घाबरणारच ना! काकांनी ती बंद केली. 'बरं वाटायला लागलं सिस्टर, म्हणून तुम्हाला फोन करून त्रास नाही दिला.' आम्ही एवढं केलं, त्यात परत कुरकुर कशी करायची, असं त्यांना वाटलं म्हणे. चार दिवसांत स्टेंटमध्ये गुठळी.

वाचले. राउंडला डॉक्टर 'नॉन-कम्प्लायंट' (सांगितलेलं न पाळणारा) लिहून मोकळे, तो शब्द माझ्या डोक्यात जातो. क्वालिटीच्या मॅडमना म्हटलं, मार्क कसले मागता, 'कोणती गोळी कशासाठी घेताय ते लिहा' असं विचारा ना. तर म्हणे, त्याचा स्कोअर कसा काढायचा?

या वेळी गोळी बदललीये. मी खुर्ची ओढून बसले आणि काकांकडूनच वदवून घेतलं. पहिल्यांदा नुसतं 'रक्त पातळ करायची' म्हणाले, दुसऱ्यांदा त्रास झाला तर बंद करायच्या आधी फोन करायचा हेच विसरले, तिसऱ्यांदा सगळं बरोबर. वीस मिनिटं गेली. तेवढ्यात शेजारच्या बेडचं सलाईन संपलं, नातेवाईक येऊन माझ्यावर ओरडून गेले.

त्या बेडच्या फॉर्मवर दोन आलेत. रकान्यात नाव माझंच आहे, पुढे लिहिलंय 'लक्ष देत नाहीत, गप्पा मारत बसतात'.